वरच्या ओढ्यातली चिलटं

फटाफटने कागद टेबलावर ठेवला आणि काहीच न बोलता ती उभी राहिली. काहीतरी बिनसलंय हे बाईंना तेव्हाच कळलं. तळमजल्यावरच्या डीएनए-प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ह्या मुलीच्या तोंडात 'फटाफट करून टाकते, मॅडम' हे वाक्य दिवसातून वीसदा असायचं, त्यावरून सगळ्या संस्थेने तिचं नाव पाडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचंही नाव पाडलेलं होतं, चिलटबाई, आणि आपल्याला ते माहीत नाही असं लोकांना वाटतं हेही बाईंना माहीत होतं. चौतीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या ओढ्यांमधली चिलटं पाहण्यात घालवली होती. घरात केळ्यांवर घोंघावतात ती ही चिलटं नव्हेत. ह्यांच्या अळ्या फेसाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतात, दोन्ही अंगांना सात-सात पाय आणि प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक आकड्यांच्या रांगा. एरवी पाण्याने त्यांना कधीच वाहून नेलं असतं. मोठं झालेलं चिलट पहाटे पाण्याबाहेर येतं आणि दोन-तीन तासांत मरतं. त्याला तोंडच नसतं. खायला वेळ कुठे आहे, असं बाई नव्या विद्यार्थ्यांना सांगत आणि विद्यार्थी हसत. "मॅडम," फटाफट अखेर म्हणाली, "तुमच्या त्या दोन जाती. खालच्या ओढ्यातली आणि वरच्या ओढ्यातली. त्यांच्यात फरक येत नाहीये." "किती कमी येतोय?" बाईंनी चष्मा न काढता विचारलं. "कमी नाही. शून्य."

कागदावर अक्षरांच्या दोन ओळी होत्या, एकीखाली एक. दुकानातल्या पुड्यावर बारकोड असतो तसा प्रत्येक जातीच्या पेशीत एका जनुकाचा ठरावीक तुकडा असतो, तो वाचला की पुड्यात काय आहे ते कळतं, असं फटाफट पाहुण्यांना समजावत असे. सव्वीस वर्षं अल्कोहोलमध्ये पडून राहिलेल्या अळ्यांमधून तिला पुरा तुकडा मिळाला नव्हता, एकशेतीस अक्षरं मिळाली होती, आणि ती सगळी जुळत होती. बाईंनी बोट ठेवून वाचली. शाळेत पाढे तपासताना मास्तर ठेवायचे तसं. मग त्या म्हणाल्या, "जुना माल आहे. एका नळीतलं दुसरीत गेलं असेल." फटाफट म्हणाली, "दोनदा केलं, मॅडम." "मग दोनदा गेलं असेल." मुलगी गेली. बाईंनी कागद उलटा करून ठेवला आणि लगेच मनाशी म्हटलं, ही आपल्याला खोटं पाडतेय. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. दुसऱ्या मजल्यावरची ही उत्तरेकडच्या खिडक्यांची खोली, जिथे दिवसभर एकसारखा उजेड पडतो, ती कुणाला नको होती? गेल्याच आठवड्यात फटाफट खोलीत आली तेव्हा तिने भिंतींकडे पाहिलं होतं. अंदाज घेतल्यासारखं. आणि संचालक जिन्यात भेटले तेव्हा उगाच "तब्येत काय म्हणते?" म्हणाले होते. चौतीस वर्षांत कुठल्याच संचालकाने तब्येत विचारली नव्हती.

वरच्या ओढ्यातली जात ही काही अशीतशी जात नव्हती. तिला बाईंनी नवऱ्याचं नाव दिलं होतं. त्या वर्षी खालच्या ओढ्यात शेवाळलेल्या दगडावरून घसरून बाईंचा घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि वरच्या ओढ्याचा हंगाम तर जेमतेम तीन आठवड्यांचा. तेव्हा नवरा म्हणाला होता, मी जाऊन येतो. तो नकाशांच्या कचेरीत आरेखक होता. किड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बाटलीत अळी कशी घालायची, चिठ्ठी कशी चिकटवायची, टिपण कसं ठेवायचं हे त्याने एका संध्याकाळी शिकून घेतलं, रजा काढली आणि तीन दिवसांनी सहा बाटल्या घेऊन परत आला. बाईंनी प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून पहिली बाटली उघडली. आकड्यांच्या रांगा कमी होत्या, मिशांच्या फांद्या आखूड होत्या. नवी जात! लग्नाच्या वाढदिवसांना, मुलीच्या बारशाला, पाहुणे जेवून सुपारी चघळत बसले की बाई ती गोष्ट सांगत, हे कसे एकटे डोंगर चढून गेले, खोल दरीवरचा दोन ओंडक्यांचा साकव कसा ओलांडला, माझ्यासाठी. नवरा मान खाली घालून हसत असे. बाईंना तो विनय वाटे.

म्हणून त्यांनी फटाफटची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आठ नळ्या केल्या आणि त्यांवर नुसते आकडे घातले. काहींत वरच्या ओढ्यातल्या अळ्यांचे पाय, काहींत खालच्या, एकीत दूरच्या भलत्याच डोंगरातली तिसरी जात, आणि दोन नळ्यांत खिडकीच्या चौकटीत मरून पडलेल्या घरमाशीचे पाय. वय वर्षं सत्तावन्न, आणि आपण दार लावून माशीचे पाय तोडतोय, हे त्यांना दिसत होतं. हात थांबला नाही. दहा दिवसांनी फटाफट वर आली. ह्या वेळी बसली. "तीन आणि सात नंबर घरमाशी आहे, मॅडम. पाच नंबर तिसरीच जात आहे. बाकीच्या पाच सगळ्या एकच." मग म्हणाली, "तुम्ही मला तपासत होतात ना?" बाई म्हणाल्या, "तपासायलाच हवं." "हो, हवंच," मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पण मला सांगितलं असतंत तरी मी तेवढंच फटाफट केलं असतं." तिच्या आवाजात खोलीबिलीचा हव्यास कुठेच नव्हता. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या, मॅडम? बाटल्यांवरच्या?"

प्रश्न साधा होता. पण संध्याकाळी घरी परतताना तो बाईंच्या बरोबर चालत राहिला, सिग्नलला थांबला, भाजीवाल्यापाशी थांबला, जिना चढला. नवऱ्याने दार उघडलं. निवृत्त झाल्यापासून दार तोच उघडत असे, आणि पिशवी हातातून घेत असे. "उशीर झाला," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं ज्याच्याकडे रोज पाहिलं त्या चेहऱ्यावर पाहण्यासारखं काय असतं? भुवईतला एक केस पांढरा आणि लांब, बाकी सगळं जागच्या जागी. जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो वरचा ओढा कसा होता हो?" "कुठला?" "तुम्ही गेला होतात तो." तो घास चावत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "अरुंद," तो म्हणाला. "काळे, गुळगुळीत खडक. शेवाळ विरळ. दोन्ही काठ उभे." बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. हे शब्द त्यांचे होते. त्यांच्याच निबंधातले, पान चारवरचे, ह्याच क्रमाने. आणि पान चार त्यांनी लिहिलं होतं ते नवऱ्याने आणून दिलेल्या टिपणावरून. टिपण लिहिणारा माणूस नकाशे काढणारा होता. न पाहिलेली जागा कागदावर हुबेहूब उभी करणं हा तर त्याचा धंदाच.

नंतरचे दिवस बाईंना वाईट गेले. संशय मूळव्याधीसारखा असतो, कुणाला सांगता येत नाही आणि बसूही देत नाही. त्यांनी जुन्या वह्यांचा खोका काढला. नवऱ्याच्या टिपणात पाण्याचं तापमान होतं: पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी नऊ. डोंगरातलं पाणी सकाळी एक असतं आणि दुपारी एक. तिन्ही नऊ एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले, तिसऱ्याची शेपटी जरा घाईची. सव्वीस वर्षांपूर्वी हे आपल्याला दिसलं कसं नाही? मग इतर गोष्टी आपसूक रांगेत येऊन उभ्या राहिल्या. दरवेळी वरच्या ओढ्यावर जाऊ म्हटलं की ह्यांची रजा मंजूर व्हायची नाही. एकदा तर सामान बांधून झालं होतं आणि ह्यांना ताप आला. ताप खरा होता का? तीन दिवस हा माणूस होता कुठे? रेस्टहाउस, डोंगर, प्लास्टरमधली बायको दूर शहरात. त्यांनी एकेक चेहरा लावून पाहिला. नकाशा-कचेरीतली ती टंकलेखिका, जी लग्नात मोठं घड्याळ घेऊन आली होती. नवऱ्याची कुठलीशी मावसबहीण. चेहरा बसेना, तरी त्या लावत राहिल्या. तो समोर पेपर वाचत असे आणि बाई भिंगाखाली किडा धरावा तसं त्याला धरत, हा हात, हे नख, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची ही सवय. ही पूर्वीपासून आहे की नंतरची? "काय बघतेस?" तो एकदा म्हणाला. "काही नाही." "मग नको बघू. मला फोड आल्यासारखं वाटतं."

रविवारी तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. घर तिसऱ्या मजल्यावर. बाई आतल्या खुर्चीत बसून बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना दिसलं की तो कठड्यापाशी जातच नाही. दोन हात अलीकडे उभा राहून हात लांबवतो, बाहेरच्या दोरीवर शर्ट फेकल्यासारखा टाकतो, आणि वाकडा पडला तर तसाच राहू देतो. इतकी वर्षं त्या त्याला आळशी म्हणत आल्या होत्या. त्या उठल्या आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. "अहो, तो साकव तुम्ही ओलांडलात का?"

त्याच्या हातात चिमटा होता. तो त्याने उघडला, मिटला. "नाही," तो म्हणाला. आणि मग बादलीकडे बघत, सव्वीस वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं, भडाभडा सांगून टाकलं. "पहिल्या दिवशी चार पावलं गेलो. फटीतून खाली दिसलं. मग बसलो आणि रांगत मागे आलो. दुसऱ्या दिवशी दोनच पावलं. रेस्टहाउसचा म्हातारा राखणदार बघत होता, त्याची शेळी त्याच ओंडक्यावरून जात-येत होती. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. मागच्या बाजूने खालच्याच ओढ्यात उतरलो आणि बाटल्या भरल्या."

"आणि चिठ्ठ्यांवर वरचा ओढा."

"चिठ्ठ्या तू घरूनच लिहून दिल्या होत्यास. नुसत्या चिकटवायच्या होत्या. टिपण तेवढं मी मनानेच लिहिलं, तापमानासकट."

"मला सांगायचं होतंत!"

"सांगणारच होतो. आल्या आल्या. पण तू पाय स्टुलावर टाकून सूक्ष्मदर्शकाला चिकटलीस, अर्ध्या तासात ओरडलीस, वेगळी आहे, वेगळी आहे म्हणून. मला वाटलं, असेल बुवा. एवढी शिकलेली बाई म्हणतेय. मग रात्रभर वाटलं, उद्या सांगू. मग तू माझं नाव ठेवलंस."

"म्हणजे चूक माझी?"

"असं म्हटलं का मी?" तो म्हणाला. मग हसू आलं त्याला, कसनुसं. "आता नावच ठेवलंयस म्हटल्यावर लोक नावं ठेवणार. ठेवू देत."

त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. आत येऊन खुर्चीत बसल्या. बाल्कनीत उरलेले कपडे एकेक करून पडत राहिले, थप्, थप्. आता कुणाचाच संशय घ्यायला नको, सगळं उलगडलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण आतून काही सुटेना. अर्ध्या तासात? आपण अर्ध्या तासात वेगळी म्हणालो? एकाच ओढ्यातल्या, एकाच जातीच्या अळ्या होत्या त्या. मग आपण पाहिलं काय?

सोमवारी त्यांनी जुन्या काचपट्ट्या काढल्या आणि दार आतून लावून घेतलं. पूर्ण वाढ झालेल्या अळीत पाठीवर कातडीखाली पुढे फुटायच्या पंखांच्या कळ्या काळ्या दिसतात. त्या दिसल्या की ही शेवटची अवस्था, मगच आकडे मोजायचे, हा धंद्यातला पहिला धडा. त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलेला. आणि निबंधात त्यांनीच लिहिलं होतं, 'कळ्या अस्पष्ट.' त्यांनी प्रकाश वाढवला, कमी केला, भिंग बदललं. कळ्या अस्पष्ट नव्हत्या. कळ्या नव्हत्याच. खालच्या ओढ्याचा हंगाम अजून तीन आठवडे दूर असताना नवऱ्याने आणलेल्या त्या कोवळ्या अळ्या होत्या, एक कात टाकायची बाकी असलेल्या. म्हणून रांगा कमी, म्हणून फांद्या आखूड. हे कळायला डीएनए लागत नव्हतं. चिठ्ठीवर वरचा ओढा असं वाचलं होतं, स्वतःच्याच अक्षरात, आणि नवी जात हवी होती. वर्षभराचं अनुदान संपत आलं होतं, घोटा दुखत होता, तिकडे कुणी परदेशी माणूस त्याच डोंगरांवर काम करतोय असं कानावर होतं. डोळ्यांनी हुकूम पाळला. त्या खिडकीपाशी गेल्या. रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. बाईंना वाटलं, ह्या डोळ्यांनी आजवर अठरा जाती लिहिल्या. उरलेल्या सतरांचं काय? आणि चिलटं सोडा, माणसांचं काय? त्या टंकलेखिकेच्या गळ्यात त्यांनी मनातल्या मनात काय काय अडकवलं होतं. बिचारीने एवढं घड्याळ आणलं, तेही अजून चालतंय.

फटाफटला त्यांनी सगळं सांगितलं. मुलीने मध्ये एकदाही फटाफट म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मग मॅडम, वरच्या ओढ्यात खरं आहे काय?" तिथे जात आहे असं सव्वीस वर्षं सगळ्या याद्यांत छापलं जात होतं, आणि छापलेलं आहे म्हणून तिथे कुणी गेलंच नव्हतं.

दुरुस्तीचं टिपण त्यांनी दोन दिवसांत लिहिलं. एका वाक्यापाशी गाडी अडली. नमुन्यांच्या स्थळाबाबत चूक झाली होती, असं लिहून भागलं असतं. नवऱ्याने मागे उभं राहून वाचलं. "कुणाची चूक ते लिही." "गरज नाही." "मला गरज आहे," तो म्हणाला. "संग्राहक तिथवर पोचलाच नव्हता, असं लिही." त्यांनी लिहिलं. त्याखाली त्यांनी स्वतःचंही लिहिलं, अपरिपक्व अळ्या पूर्ण वाढलेल्या समजण्याची चूक लेखिकेची. "आता माझं नाव खोडणार?" त्याने विचारलं. "खोडता येत नाही. ते यादीत राहतं, खालच्या ओढ्यातल्या नावाच्या पोटात, चुकीचं म्हणून. कायमचं." "म्हणजे मेल्यावरही सुटका नाही," तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

हंगामात त्या निघाल्या तेव्हा फटाफटने बरोबर येऊ का विचारलं. बाईंनी नको म्हटलं आणि नवऱ्याला चला म्हटलं. मनात हेतू होता, तो चांगला नव्हता. बाल्कनी, बादली, रांगत मागे येणं, हे सगळं त्याचं तोंडी होतं. त्याला पुरावा नव्हता. सव्वीस वर्षं जो गप्प बसू शकतो तो गोष्टही रचू शकतो. साकव आता लोखंडी झालाय, दोन्ही बाजूंना तारेचे कठडे आहेत, हे त्यांना फोनवर कळलं होतं. ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. आठ नळ्यांसारखी ही नववी.

पहाटे रेस्टहाउसवरून निघाले. उजाडताना साकव दिसला, रंगवलेला, भक्कम, बैल नेता आला असता. त्याने तो पाहिला आणि पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला थांबला. खाली खूप खोलवर पाण्याचा पांढरा दोरा होता. बाई मागे उभ्या होत्या. त्यांना त्याची पाठ दिसत होती, आणि त्या गार पहाटे सदरा पाठीला ओला होऊन चिकटत चालला होता, आधी मध्ये, मग खांद्यांपर्यंत. कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. तारेवरची बोटं सुटत नव्हती. हे कुणी रचू शकत नाही. बाईंना एकदम स्वतःची किळस आली. त्यांनी पुढे होऊन त्याची मूठ तारेवरून सोडवली, बोट बोट करून, आणि त्याला मागे आणून दगडावर बसवलं. "बसा इथे." "तू जाणार?" "कुणीतरी जायलाच हवं." "घोटा?" "असू दे घोटा."

चढण उभी होती. घोटा तिसऱ्या वळणावर बोलू लागला. अर्ध्या तासाने त्या वरच्या ओढ्यात पोचल्या, आणि तो अरुंद नव्हता. चांगला ऐसपैस होता, खडक तांबूस होते, आणि पाणी असं कोसळत होतं की शेजारच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू गेली नसती. त्यांनी पहिला दगड उचलला. पाचसहा अळ्या. भिंग गळ्यात होतं. हात भिंगाकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. बाटल्या भरल्या, नुसते आकडे घातले. ते आकडे महिनाभराने फटाफटने वाचले, पुरी सहाशे अठ्ठावन्न अक्षरं, आणि एकेचाळीस ठिकाणी फरक निघाला. वरच्या ओढ्यातली जात खरोखर वेगळीच होती. कळ्या काळ्या असलेल्या, पूर्ण वाढलेल्या अळ्यांत आकड्यांच्या रांगा कमी नव्हत्या, जास्त होत्या. चार पावलांऐवजी चाळीस पावलं पडली असती तर त्याचं नाव जागच्या जागी बसलं असतं. आता ते नाव पुन्हा वापरता येणार नव्हतं. बाईंनी नव्या जातीला तांबड्या खडकावरून नाव दिलं.

पण ते पुढचं. त्या सकाळी शेवटची बाटली बंद करून त्यांनी मान वर केली तर पाण्यावर धूर होता. धूर नव्हे, चिलटं होती. हजारो. राखाडी, केसाएवढी, पाण्याच्या तुषारांतून खालीवर होणारी, अंगाच्या चौपट लांबीच्या मिशा मागे ओढत. चौतीस वर्षांत बाईंनी त्यांना जिवंत, उडताना, कधी पाहिलं नव्हतं; नेहमी बाटलीत, पांढरी पडलेली. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. मोजावं, कुठली जात ते पाहावं, असं काहीच मनात आलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. सहज खाली नजर गेली तर दूर, साकवापलीकडे, तो दगडावर उभा होता. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, वाकून, सगळं अंग लावून. एवढ्या अंतरावरून त्याचं वाकणं आणि ताठ होणं तेवढं दिसत होतं. पाण्याच्या आवाजात एक अक्षर वर येत नव्हतं. बाईंनी हात वर केला. तो थांबला. मग पुन्हा ओरडू लागला.

त्या उतरून साकवावरून पलीकडे आल्या तेव्हा तो सावलीत बसला होता. आवाज बसलेला, चेहरा धुतल्यासारखा. मोठं काम उरकून बसलेल्या माणसाचा असतो तसा. "ऐकू आलं तुला?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. "मी काय म्हणत होतो ते?"

जपून ये, एवढंच असेल. पण तेवढ्यासाठी कुणी एवढा वेळ ओरडत नाही. काय म्हणत होतात, असं विचारता आलं असतं. मग त्याला ते इथे, हातभर अंतरावर, हळू आवाजात सांगावं लागलं असतं. बाईंनी ओले बूट काढले, त्यांतलं पाणी ओतलं, पुन्हा घातले.

"आलं," त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली, त्यांच्या खांद्यावरची बाटल्यांची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली, आणि दोघं रेस्टहाउसकडे उतरू लागली.